पीएच.डी. संशोधन (मुंबई)

सहसा पदव्युत्तर शिक्षणानंतर एखाद्या विषयावर स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहिल्यावर मिळणारी विद्यापीठीय पदवी. तिचे मराठी नाव विद्यावाचस्पती; पण मुंबईत ‘सिनॉप्सिस (संशोधनाची रूपरेषा) अडकलंय’, ‘गाइड (मार्गदर्शक) रजेवर आहेत’ असेच ऐकू येते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तरी सुरुवातीला त्याचे काम मुख्यतः परीक्षा घेण्याचे होते. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत संशोधन रुजले ते विसाव्या शतकात. १९१९ साली सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे १९२४ मध्ये गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. इरावती कर्वे यांनी एम.ए.चा प्रबंध त्यांच्याच हाताखाली लिहिला, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हे समाजशास्त्रज्ञही त्यांचेच विद्यार्थी. आज विद्यापीठाखेरीज कुलाब्याची टीआयएफआर (मूलभूत विज्ञान), पवईची आयआयटी, माटुंग्याची आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान), देवनारची टिस (सामाजिक विज्ञान) अशा संस्थांतही पीएच.डी. करता येते, आणि प्रत्येकीची प्रवेशाची तऱ्हा वेगळी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार या पदवीला किमान ३ व कमाल ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढवता येतात, आणि स्त्रिया व दिव्यांगांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कोर्सवर्क, म्हणजे प्रबंधाआधीचा अभ्यासक्रम, सक्तीचे. सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि प्राध्यापकाला ८ विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे प्रवेशपरीक्षा पार पडली तरी गाइडकडे जागा नसल्याने उमेदवार खोळंबतो, आणि खरी धावपळ तिथूनच सुरू होते.

त्यानंतरचे अवघड काम म्हणजे विषय आवळणे. ‘मुंबईचे गिरणी कामगार’ हा विषय नव्हे, ते ग्रंथालयातले आख्खे कपाट आहे. ‘१९८२ च्या संपानंतर लालबाग-परळमधील खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांचे अर्थकारण’ इथवर आले की आरएसी, म्हणजे संशोधन सल्लागार समिती, मान डोलावण्याची शक्यता निर्माण होते. मग कुणाच्या घरी उधारीची वही शिल्लक आहे, कोण मुलाखत देईल, याचा शोध.

मुंबईतल्या संशोधकाचा निम्मा वेळ प्रवासात जातो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही. विभाग कलिन्याला, सरकारी दप्तरे काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात, जुनी पुस्तके एशियाटिक सोसायटीत, मराठी नियतकालिके दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. त्यात बरेच जण नोकरी सांभाळून, मालकाचे ना-हरकत पत्र जोडून अर्धवेळ पीएच.डी. करतात. शनिवारी सकाळी कुर्ल्याहून कलिन्याची बस धरायची आणि तिथे पोचल्यावर ‘सर आज आले नाहीत’ हे ऐकायचे, ही नित्याची गोष्ट. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळालेल्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये लागू झाले. त्यात मुंबईचे भाडे भागवणे हा वेगळाच प्रबंध.

सादर करण्यापूर्वी प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी होते. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. गाइडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक तो वाचतात. शेवटची मौखिक परीक्षा, व्हायवा, खुली असते. प्रत्यक्षात मागच्या बाकांवर बसतात ते ज्यांचा व्हायवा अजून व्हायचाय ते, परीक्षकांचे प्रश्न वहीत उतरवून घेत.