चकमकीच्या रायफलीसाठी दगड: फोडलेली फ्लिंट आणि कापलेला अकीक

चकमकीच्या बंदुकीच्या घोड्यात बसवायचा दगड म्हणून ज्या दोन वस्तू एकमेकींच्या जागी सर्रास दिल्याघेतल्या जातात, त्या म्हणजे हातोडीने फोडून घडवलेली फ्लिंटची गार आणि करवतीने कापून सहाणेवर घासलेला अकीक. दोन्हींचे मूळ द्रव्य सिलिकाच आहे, दोन्हींचा कठीणपणा मोहच्या श्रेणीवर 7 च्या आसपास भरतो आणि दोन्ही पोलादावर आपटल्यास ठिणगी पडते, त्यामुळे ही गल्लत समजण्यासारखी आहे. मुंबईत तर ती अधिकच सहज होते. अकीक येथे अंगठीचा खडा म्हणून मोहम्मद अली रोडच्या परिसरात सहज मिळतो, तर खडूच्या थरांत तयार होणारी फ्लिंट दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडत नाही. चोर बाजारात सजावटीसाठी विकल्या जाणाऱ्या नव्या बनावटीच्या बंदुकांच्या जबड्यात तर चमकदार दिसेल तो कोणताही दगड आवळलेला असतो. भिंतीवर टांगण्यासाठी तेवढे पुरते. पण ज्या बंदुकीतून बार काढायचा आहे, तिच्यासाठी या दोन दगडांतील फरक मोठा आहे, आणि तो रंगात किंवा कठीणपणात नसून कडेत आहे.

हा फरक कळण्यासाठी ठिणगी कोठून येते ते आधी स्पष्ट व्हायला हवे. घोडा, म्हणजे दगड जबड्यात धरून कमानीच्या जोराने पुढे आपटणारा भाग, सुटला की त्याच्या जबड्यातील दगडाची धार समोरच्या पोलादी झडपेवर, म्हणजे फ्रिझनवर, वरून खाली खरवडत जाते. त्या खरवडण्याने पोलादाचे अत्यंत बारीक कण सुटतात, घर्षणाने तापतात आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळतात. त्याच धक्क्याने झडप उघडते व हे जळते कण खालच्या वाटीतील रंजकावर, म्हणजे नळीतील बार पेटवणाऱ्या बारीक दारूवर, पडतात. जळते ते पोलाद. दगडाचे काम केवळ खरवडण्याचे आहे. सिगारेटच्या लायटरमध्ये याच्या नेमके उलट घडते: तेथे चाक कठीण पोलादाचे असते आणि ठिणगी देणारा खडा हा मऊ मिश्रधातूचा तुकडा असतो, म्हणून लायटरचा खडा बंदुकीच्या घोड्यात घालण्याची कल्पना कोणी मांडल्यास ती तेथेच सोडून द्यावी. नदीकाठच्या दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्यावर जो उजेड दिसतो, तोही थंड प्रकाश आहे आणि त्याने रंजक पेटत नाही.

तेव्हा दगडाकडून अपेक्षा एवढीच की त्याची धार तीक्ष्ण असावी आणि प्रत्येक बारानंतर तीक्ष्ण राहावी. फ्लिंट आणि अकीक यांच्या वाटा येथेच वेगळ्या होतात.

फ्लिंट ही इंग्लंड आणि फ्रान्समधील खडूच्या थरांत गोळ्यांच्या रूपात सापडते. तिचे सिलिकाचे कण इतके सूक्ष्म आणि एकसारखे असतात की आघात झाल्यावर ती ठरावीक पातळीवर न फुटता शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठाने फुटते आणि फुटलेली कड काचेसारखी धारदार निघते. इंग्लंडमध्ये सफक परगण्यातील ब्रँडन हे गाव या धंद्याचे केंद्र होते. तेथील कारागीर मोठा गोळा मांडीवर ठेवून जड हातोडीने त्याचे तुकडे करीत, त्या तुकड्यांपासून लांब पाती सोडवीत आणि लाकडी ठोकळ्यात ठोकलेल्या लोखंडी खुंटीवर ती पाती ठेवून त्यांच्या गारा पाडीत. ब्रँडनची गार काळी व टाचेशी, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या मागील कडेशी, चौकोनी असते; फ्रेंच गार मधाच्या रंगाची असते आणि तिची टाच बहुधा गोलसर घासलेली असते. नेमबाजांमध्ये या दोन रंगांवरून बराच वाद चालतो. माझ्या मते तो अवाजवी आहे, कारण चांगल्या घडणीची काळी गार आणि चांगल्या घडणीची पिवळी गार यांच्यातील अंतरापेक्षा चांगल्या व वाईट घडणीतील अंतर कितीतरी मोठे असते.

अकीकाची घडण निराळी आहे. लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरांवर थर साचले, त्यातून तो बनला. गुजरातेत राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणींतून निघणारा अकीक खंभातच्या कारागिरांकडे जातो आणि भाजल्यावर त्याला लाल रंग चढतो. अकीकाचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो केवळ कठीणच नव्हे तर चिवटही असतो, आणि म्हणूनच प्रयोगशाळेतील खल व जुन्या रासायनिक तराजूंच्या धारा अकीकाच्या करीत. चिवट दगड मनाजोगा फोडता येत नाही; तो हिऱ्याच्या करवतीने कापावा लागतो आणि त्याचा उतार घासून काढावा लागतो. त्यामुळे कापलेले अकीक एकाच मापाचे, सरळ कडेचे आणि दिसायला अतिशय देखणे असतात. नवशिक्याला ते पसंत पडतात ते याच कारणाने.

मात्र घासलेली कड आणि फुटलेली कड एक नव्हे. फ्लिंटची धार प्रत्येक आघाताला किंचित कपची टाकते आणि त्या कपचीखाली नवी धार उघडी पडते; म्हणजे ती झिजते, पण झिजताना स्वतःला धारही लावून घेते. अकीकाची कपची सहजी उडत नाही, म्हणून तो अधिक टिकतो, परंतु त्याची कड हळूहळू गोल होते आणि एकदा गोल झाली की पुन्हा सहाणेवर नेल्याशिवाय सुधारत नाही. शिवाय बोथट झालेली चिवट कड पोलाद खरवडण्याऐवजी ठोकते. झडपेवर आडवे चर दिसू लागले तर प्रथम दगडाच्या कडेकडे पाहावे. मजबूत कमानीच्या, मोठ्या झडपेच्या बंदुकीत अकीक चालून जातो, आणि काही जण त्यावर समाधानीही असतात. लहान कुलपाच्या (घोडा, कमान व झडप यांच्या यंत्रणेच्या) रायफलीत, जेथे घोड्याचा जोर मुळातच मर्यादित असतो, तेथे मी फोडलेली फ्लिंटच निवडीन.

गार विकत घेताना रुंदी प्रथम पाहावी. ती झडपेच्या रुंदीएवढी किंवा तिच्याहून किंचित कमी असावी. अधिक रुंद गार बाजूने नळीला घासते. रायफलीच्या कुलपांना साधारणपणे 16 ते 22 मिलिमीटर रुंदीची गार लागते, तर लष्करी मस्केटला 25 मिलिमीटरच्या वरची. त्यानंतर कड सरळ आहे का, वरचा व खालचा पृष्ठभाग जबड्यात सपाट बसेल असा आहे का, आणि मधोमध उंचवटा नाही ना, हे पाहावे. उंचवट्याची गार कितीही आवळली तरी डुलते. अंगावर पांढुरके डाग किंवा बारीक भेगा असतील तर ती बाजूला ठेवावी.

बसवण्याची रीत दोन्ही दगडांना सारखीच आहे, फक्त अकीकाच्या बाबतीत आवळणी अधिक काळजीने करावी लागते, कारण त्याचे घासलेले गुळगुळीत अंग जबड्यातून निसटते. रायफलीसाठी पातळ, न ताणणाऱ्या चामड्याची घडी घ्यावी आणि दगडाच्या टाचेमागे जेथे जबड्याचा स्क्रू येतो तेथे चामड्याला खाच पाडावी, म्हणजे टाच मागे नीट टेकते. लष्करी मस्केटमध्ये शिशाच्या पत्र्याची घडी वापरीत. तो पत्रा दगडाच्या खाचखळग्यांत बसतो आणि घोड्याचे वजन वाढवतो, पण नाजूक घोड्याच्या रायफलीवर तेच वाढीव वजन भारी पडते. दगडाचा उतार वर ठेवावा की खाली, याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. दोन्ही प्रकारे बसवून पाहावे आणि ज्या ठेवणीत धार झडपेच्या वरच्या भागाला, माथ्यापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, तिरपी लागते व घोडा पूर्ण खाली आल्यावर रंजकाच्या वाटीकडे रोखलेली राहते, ती ठेवणी कायम करावी. घोडा अर्ध्यावर अडकवलेला असताना धार बंद झडपेच्या जवळ असावी, पण तिला टेकता कामा नये. धार आणि झडपेचा पृष्ठभाग समांतर नसतील तर एकच कोपरा काम करतो, ठिणग्या एका बाजूला पडतात आणि तो कोपरा लवकर तुटतो.

बसवल्यानंतर नळी रिकामी असल्याची गज घालून खात्री करावी, रंजक न भरता मंद उजेडात घोडा सोडून पाहावा आणि ठिणग्या वाटीच्या मध्यावर पडतात की बाहेर, ते बघावे. पहिल्या काही आघातांनंतर चामडे दबते, म्हणून स्क्रू पुन्हा आवळणे आवश्यक आहे. फ्लिंटची धार बोथट वाटू लागली तर ती जबड्यातून न काढताही पितळेच्या किंवा तांब्याच्या बारीक कांडीने कडेवर खालच्या अंगाने हलका दाब देऊन कपच्या सोडवता येतात. अर्थात हेही रिकाम्या बंदुकीवर आणि वाटी पुसून कोरडी केल्यावरच. अकीकावर हा उपाय करू नये. त्याची कड वेडीवाकडी तुटते आणि दगड फुकट जातो.

दोन्ही दगडांच्या बाबतीत धूळ हा धोका मात्र एकच आहे. ब्रँडनचे गारा घडवणारे आणि खंभातचे अकीक घासणारे, दोहोंनाही सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार जडल्याच्या नोंदी आहेत, आणि खंभातमधील ही व्यथा जुन्या काळापुरती राहिलेली नाही. घरी एखाददुसरी कपची काढणे आणि दिवसभर कारखान्यात बसणे यांत फरक आहे, तरीही गार उघड्यावर सोलावी, डोळ्यांवर चष्मा लावावा, आणि अकीक घासायचाच असेल तर पाण्याखाली ओला ठेवून घासावा.

तोड्याच्या बंदुकीला यातले काहीच लागत नव्हते. पेटता तोडा, म्हणजे धुमसती वात, रंजकावर टेकवला की काम होई, आणि दख्खनेत ती पुष्कळ काळ टिकली. चकमकीच्या बंदुका महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसारख्या फौजांत दिसू लागल्यावर दगड ही सैन्याच्या पुरवठ्याची वस्तू झाली. आज या बंदुका पाहायच्या तर वस्तुसंग्रहालयांतील शस्त्रांच्या दालनांत पाहाव्यात आणि काचेबाहेरून जबड्यातील दगडाची कड निरखावी: कपच्यांचे वक्र खवले दिसले तर दगड फोडलेला, आरशासारखा सपाट उतार दिसला तर कापलेला. वाडवडिलांची ठासणीची बंदूक घरात असेल आणि ती चालण्याजोगी असेल, तर 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. मुंबईत त्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडे जावे लागते. बंदुकीच्या काळ्या दारूचे नियम वेगळे आहेत.

परवानाधारकाला मुंबईच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. दगडाला दमट हवेने काही होत नाही, पण पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, ते फुगते व सुकल्यावर सैल पडते, आणि झडपेच्या पोलादावर गंज धरतो. गंजलेल्या किंवा तेलकट झडपेवर उत्तम फ्लिंटसुद्धा ठिणगी देत नाही, आणि अशा वेळी दोष नाहक दगडाला दिला जातो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बंदूक ठेवताना दगड चामड्यासह काढून वेगळा ठेवावा, झडपेवर तेलाचा पातळ हात द्यावा, आणि वापरण्यापूर्वी ते तेल स्पिरिटच्या फडक्याने पूर्णपणे पुसून काढल्यानंतरच दगड बदलायचा की नाही ते ठरवावे.