जुनी रायफल, जुनी तोफ इतकी वर्षं का टिकली? विदर्भातून दिसणारी साखळी

कामठीच्या एनसीसी कॅम्पात पहिल्यांदा रायफल हातात आली, तेव्हा ती माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी निघाली. मुठीजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘जी. आर. आय.’ ही ब्रिटिश राजाची अक्षरं, मग बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याचं नाव आणि १९४२ हे साल. नळीला आरपार भोक पाडलेलं, म्हणजे गोळी झाडण्याच्या कामातून ती बाद झालेली, फक्त कवायतीपुरती उरलेली डीपी रायफल. उस्ताद मात्र तिला बाद मानायला तयार नव्हते. लाकडाला जवसाचं तेल चोळून घ्यायचे, बोल्ट पुसून दाखवायला लावायचे. पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू होता. तो कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, लाकूड फुटू नये म्हणून. पुढे वाचनात आलं की हा स्क्रू म्हणजे इशापूरच्या रायफलींची ओळखच. मूळ ब्रिटिश नमुना तोच ठेवून इथल्या कारखान्याने केलेली ही दुरुस्ती.

सैन्यातली जुनी साधनं इतकी वर्षं का चालतात याचं एक उत्तर ठरलेलं असतं: सरकारी दिरंगाई. ते खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि ज्यांनी ही साधनं बनवली, सांभाळली, त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

कॅम्पातल्या त्या रायफलीचंच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचंच बघा. शॉर्ट ली-एनफिल्डचा हा नमुना १९०७ चा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने नंबर ४ ही बनवायला सोपी रायफल घेतली. इशापूर मात्र जुनाच नमुना काढत राहिलं आणि ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्यानेही तेच केलं. भाग पकडून ठेवणारे जिग, मापं तपासणारे गेज, यंत्रांची मांडणी, कारागिरांचा हात, सगळं त्या एका नमुन्यावर बसलेलं होतं. युद्ध पेटलेलं असताना बसलेली घडी विस्कटायची आणि नवी बसेपर्यंत रायफली थांबवायच्या, हे परवडणारं नव्हतं. शिवाय या रायफलीचं काडतूस आपल्याकडेच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत होतं. तो कारखाना १८६९ चा.

माझ्या मते खरी मेख काडतुसात आहे. बंदूक बदलणं तुलनेने सोपं, काडतूस बदलणं महाकठीण. बंदूक एका माणसाच्या हातात असते. काडतुसामागे कारखाने, कोठारं, मालगाड्या आणि लाखोंचा साठा असतो.

१९६२ मध्ये आपले जवान हिमालयात याच थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते, आणि अनेकांच्या अंगावर त्या थंडीला पुरेल असे कपडेही नव्हते. त्यानंतर सैन्य भराभर वाढवायचं ठरलं. ७.६२ मिलिमीटरचं नवं काडतूस आणि ते झाडणारी, बोल्ट न ओढता पुढची गोळी स्वतःच भरणारी एसएलआर रायफल येत होती, पण वाढत्या सैन्याला एसएलआर पुरणार नव्हत्या. मग इशापूरने जुनी ली-एनफिल्डच पुन्हा घेतली. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून अधिक मजबूत पोलाद वापरलं, नवं मॅगझिन बसवलं, आणि २ए व नंतर २ए१ ही रायफल तयार झाली. साठ वर्षांपूर्वीचा सांगाडा नव्या काडतुसाच्या साखळीत ओवला गेला. ब्रेन मशिनगनचंही तसंच झालं. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते, म्हणून जुन्या ब्रेनचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं. ७.६२ ला तशी कड नाही, त्यामुळे मॅगझिन जवळपास सरळ झालं. तीच ब्रेन पुढे १बी एलएमजी (हलकी मशिनगन) या नावाने कानपूरच्या कारखान्यातून निघत राहिली.

१९६२ नंतरच्या त्याच धावपळीत विदर्भाचा नकाशाही बदलला. नागपूरच्या अंबाझरीचा कारखाना १९६६ चा. अमरावती रोडवरच्या त्या भागाला आम्ही नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतो. तिथे तोफगोळ्यांची रिकामी कवचं घडतात, पिनाका रॉकेटचे भाग बनतात. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला प्रणोदक, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू, आणि स्फोटकं तयार होतात. भद्रावतीच्या चांदा कारखान्यात गोळे भरले जातात. आणि पुलगावच्या केंद्रीय भांडारात, देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारात, साठा राहतो. कवच, दारू, भरणी आणि कोठार, सगळं नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत. १ ऑक्टोबर २०२१ ला हे सरकारी कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. अंबाझरी ‘यंत्र इंडिया’त गेली, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. भंडारा आणि चांदा ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले. पाट्या बदलल्या, तरी कवच एकीकडे घडायचं आणि दारू दुसरीकडे भरायची, हा क्रम तसाच राहिला.

एखादी तोफ निवृत्त करायची म्हटलं की या सगळ्या क्रमाला हात लावावा लागतो. तिच्या मापाचे साचे, गेज, गोळ्यांचा साठा, ते तपासणारी माणसं, तोफचींचं प्रशिक्षण, सारंच बदलायचं. ही साखळी माणसांची आहे, हे विदर्भाला कुणी सांगायला नको. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावला आग लागली, तेव्हा ती विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमन दलाची माणसं परत आली नाहीत. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या स्फोटात आठ कामगार गेले.

पुढच्या फळीतून निघालेलं शस्त्र लगेच भंगारात जात नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं ते आधी निमलष्करी दलांकडे, मग पोलिसांकडे, होमगार्डकडे आणि शेवटी आमच्यासारख्या कॅडेटांकडे उतरत येतं. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती, समोर एके-४७. त्या शिपायांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायला लावणारं शस्त्र त्यांच्या हाती तेव्हाही असावं, हे मला आजही पटत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात.

काही साधनं मात्र केवळ साखळीमुळे टिकलेली नाहीत, त्यांच्या तोडीचं दुसरं आलंच नाही. बेली पूल हे त्यातलं ठळक नाव. डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धात तो आखला. दहा फूट लांबीची पोलादी चौकट सहा माणसांनी उचलायची, खुंट्या ठोकून जोडायची आणि तयार भाग एका काठावरून दुसऱ्या काठाकडे ढकलत न्यायचा. क्रेनची गरज नाही. २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, तेव्हा लष्कराच्या मद्रास इंजिनिअर्सनी चूरलमलाला १९० फुटांचा बेली पूल एका दिवसाच्या आत उभा केला. त्या तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या मेजर सीता शेळके आपल्या नगर जिल्ह्यातल्या. आजही हे पूल कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बनतात.

तोफांकडे परत येऊ. सोव्हिएत बनावटीची १३० मिमीची तोफ आपल्याकडे दशकानुदशकं चालली, पल्ला सुमारे २७ किलोमीटर. आता जबलपूरच्या गन कॅरेज कारखान्यात तिची नळी काढून १५५ मिमीची बसवतात आणि तिला ‘शारंग’ म्हणतात. गाडा जुनाच, पल्ला ३६ किलोमीटरच्या पुढे. सैन्यातली बोफोर्स तोफ १५५ ची, देशी धनुष तोफही १५५ ची. शारंगलाही त्याच मापाचा गोळा चालतो, १३० चा वेगळा साठा तिच्यासाठी ठेवावा लागत नाही.