दाढ, टॉन्सिल आणि रक्त पातळ करणारी गोळी : पार्श्वभूमी

पक्षाघात आणि तोंड-नाक-घशाचे आजार यांचा संबंध म्हटलं की हल्ली हिरड्यांचा विषय निघतो. हिरड्या सुजलेल्या असतील तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांना धोका, असं वाचायला मिळतं. त्यात तथ्य किती, ते पुढे येईलच. पण रोजच्या व्यवहारात या दोन गोष्टींची गाठ पडते ती दंतवैद्याच्या खुर्चीत, आणि वेगळ्याच कारणाने. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाची किडलेली दाढ काढायची असते, तो रोज इकोस्प्रिन (म्हणजे कमी डोसाची ॲस्पिरिनची गोळी) घेत असतो आणि त्याला सांगितलं जातं, "आधी फिजिशियनची चिठ्ठी आणा." चिठ्ठीवर बहुधा एकच ओळ असते : 'फिट फॉर एक्स्ट्रॅक्शन, स्टॉप इकोस्प्रिन फाइव्ह डेज.' ही ओळ आली कुठून आणि तिला आधार किती, याचा हा मागोवा.

कान, घसा आणि मेंदू यांची सरमिसळ जुनी आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये, मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या एका डॉक्टरने तिथल्या वैद्यकीय अकादमीपुढे निबंध वाचला. गरगरून पडणाऱ्या, उलट्या होणाऱ्या आणि कानात आवाज येणाऱ्या कित्येक रुग्णांचा दोष मेंदूत नसून अंतर्कर्णात असतो, असं त्यात मांडलं होतं. तोवर अशा झटक्यांना मेंदूत रक्त साकळल्याचं समजून जळवा लावत, शिरेतून रक्त काढत. पुढे १९१० च्या सुमारास उलटं वारं सुटलं. दातांच्या मुळाशी आणि टॉन्सिलमध्ये लपलेला जंतुसंसर्ग शरीरभर रोग पसरवतो, या सिद्धांताने इंग्लंड-अमेरिकेत जोर धरला आणि दुखत नसलेले दात, धडधाकट टॉन्सिलसुद्धा सरसकट काढले गेले. वीस-तीस वर्षांनी ती लाट ओसरली. टॉन्सिल काढण्याचं प्रमाण मात्र बराच काळ वरच राहिलं, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल या गावी एक डॉक्टर टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया करत असे. ठणका कमी व्हावा म्हणून तो रुग्णांना ॲस्पिरिन घातलेलं च्युइंगगम चघळायला देई. काही रुग्णांना नंतर इतका रक्तस्राव होई की पुन्हा दवाखान्यात आणावं लागे. चौकशी केल्यावर कळलं, की हे लोक गम सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त चघळत होते. त्याने मग स्वतःवरच प्रयोग केला. रोज ॲस्पिरिनच्या बारा गोळ्या घेतल्या, आणि पाचव्या दिवशी त्याच्या नाकाचा घोळणा फुटला. खात्री पटावी म्हणून त्याने हा उद्योग पुन्हाही केला.

दुसऱ्या एखाद्याने एवढ्यावर गम बंद केलं असतं. या गृहस्थाने विचार पुढे नेला : जखमेत रक्त गोठू न देणारा पदार्थ हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळीही होऊ देणार नाही. बैठं काम करणाऱ्या, वजनदार, मध्यमवयीन पुरुषांना तो रोज ॲस्पिरिन देऊ लागला. १९५० मध्ये त्याने सुमारे ४०० जणांची हकिगत छापली. १९५६ मध्ये आकडा ८,००० वर गेला आणि शीर्षकात हृदयाच्या जोडीने मेंदूतली गुठळीही आली. तुलनेसाठी गोळी न घेणारा गट नव्हता आणि निबंध छापले ते फारशा न वाचल्या जाणाऱ्या प्रादेशिक नियतकालिकांत. कुणी लक्ष दिलं नाही. १९५७ मध्ये तो स्वतः हृदयविकाराच्या झटक्याने गेला, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला उरलीसुरली किंमतही राहिली नसावी.

म्हणजे ॲस्पिरिनने पक्षाघात टळेल हा अंदाज टॉन्सिलच्या जखमेतून वाहिलेल्या रक्तावरून बांधला गेला. त्याच रक्ताच्या धास्तीने ती गोळी आज दाढेसाठी थांबवली जाते, हा इतिहासाचा खोडसाळपणा म्हणायचा.

पुरावा यायला वीसेक वर्षं लागली. १९७१ मध्ये लंडनमध्ये ॲस्पिरिनचं कार्य उलगडलं आणि १९७८ मध्ये कॅनडातली चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघाताचे छोटे झटके येऊन गेलेल्या ५८५ रुग्णांमध्ये ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा पक्षाघाताचा किंवा मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. फायदा मुख्यतः पुरुषांत दिसला, त्यामुळे बायकांना ही गोळी द्यावी की नाही यावर पुढे बरीच वर्षं घोळ चालला. डोस तेव्हा दिवसाला १,३०० मिलिग्रॅम होता. पुढे तो उतरत गेला. १९९१ च्या डच चाचणीत ३० मिलिग्रॅमसुद्धा २८३ मिलिग्रॅमच्या तोडीचं काम करतं असं दिसलं. आपल्याकडची ७५ ची गोळी या उतरंडीवरची आहे.

गोळी घराघरांत पोचली आणि दंतवैद्यांपुढे प्रश्न उभा राहिला. त्यांच्या मनात भीती आधीपासून होती, पण ती ॲस्पिरिनची नव्हती. कुजलेल्या क्लोव्हर गवतामुळे गुरं रक्तस्रावाने मरतात हे कॅनडा-अमेरिकेत १९२० च्या दशकात लक्षात आलं, त्या गवतातून विस्कॉन्सिनमध्ये १९४० च्या आसपास डायक्युमेरॉल हे रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांचं औषध म्हणून आलं. ही औषधं चालू असताना दात काढल्यावर रक्त थांबता थांबलं नाही, अशा हकिगती १९५० च्या दशकात छापून आल्या. त्या खऱ्याच होत्या. मात्र रक्त किती पातळ झालंय हे मोजायची रीत तेव्हा प्रयोगशाळेगणिक वेगळी होती. अमेरिकेत वापरले जाणारे चाचणीचे अभिकर्मक कमी संवेदनशील होते. त्यामुळे तिथे कित्येकांना गरजेपेक्षा जास्त डोस मिळत असे. १९८३ मध्ये आयएनआर हे सर्वत्र सारखं माप आलं (आकडा जितका मोठा, तितकं रक्त पातळ) आणि डोस ताळ्यावर आले. भीती मात्र जुन्या डोसाचीच राहिली आणि कधीतरी वॉरफरिनवरून उचलून ॲस्पिरिनलाही चिकटली. या दोन औषधांची ताकद एका तराजूत घालण्याजोगी नाही, हे पदवीच्या अभ्यासातच शिकवतात.

पाच दिवस, सात दिवस हे आकडे कुठले, तर प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशीच्या, आयुष्याचे. ॲस्पिरिन ज्या प्लेटलेटला निकामी करतं ती पुन्हा कामाला लागत नाही. ती सात ते दहा दिवस जगते आणि शरीर रोज साधारण दहावा हिस्सा नव्याने बनवतं. गोळी बंद केल्यावर रक्त पूर्ववत व्हायला इतके दिवस लागतात, हा हिशेब बरोबर आहे. पण तो पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात याचा हिशेब आहे. दाढ काढायला रक्त पूर्ववत व्हावं लागतं का, हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नव्हता.

तो विचारला गेला २००० साली, इस्रायलमध्ये. १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या ३९ रुग्णांपैकी १९ जणांची गोळी चालू ठेवली, २० जणांची सात दिवस आधी थांबवली. रक्त थांबायचा वेळ चालूवाल्यांचा सरासरी ३.१ मिनिटं, बंदवाल्यांचा १.८. दोन्ही आकडे सामान्य मर्यादेतले. आवाक्याबाहेरचा रक्तस्राव दोन्ही गटांत कुणालाच झाला नाही. अभ्यास छोटा होता, पण उत्तर सरळ होतं.

वॉरफरिनच्या बाबतीत दोन वर्षं आधीच एका अमेरिकी दंतवैद्याने जुनी सगळी प्रकाशित प्रकरणं गोळा केली होती. औषध चालू ठेवून उपचार झालेल्या ९५० हून अधिक रुग्णांवर २,४०० च्या वर प्रक्रिया झाल्या. त्यांत साध्या स्थानिक उपायांनी रक्त थांबलं नाही असे फक्त १२ जण निघाले. औषध थांबवलेल्या सुमारे ५०० रुग्णांमध्ये गुठळीचा गंभीर प्रकार ५ जणांना झाला आणि त्यांतले ४ दगावले. दात काढताना रक्त वाहून कुणी मेल्याचं मात्र त्या ढिगात आढळलं नाही.

२००५ मध्ये स्वित्झर्लंडमधून ॲस्पिरिनबद्दलचा आकडा आला. पक्षाघात झालेले ३०९ रुग्ण आणि तशाच प्रकृतीचे, पण त्या काळात पक्षाघात न झालेले ३०९ जण अशी तुलना होती. आधीच्या चार आठवड्यांत ॲस्पिरिन थांबवलेले पहिल्या गटात १३, दुसऱ्यात ४. हिशेबाअंती धोका ३.४ पट. विरोधकांचं म्हणणं असं, की १३ आणि ४ या आकड्यांवर एवढा डोलारा उभा करू नये, आणि ज्यांची गोळी थांबवली ते मुळातच जास्त आजारी असतील. पहिला मुद्दा रास्त आहे. दुसरा अर्धा रास्त आहे, कारण तुलना करताना इतर आजार धरूनच हिशेब केला होता. शिवाय संशयाचा फायदा कोणत्या बाजूला द्यायचा, हा प्रश्न उरतोच : एकीकडे अर्धा तास जास्त गळणारी जखम, दुसरीकडे लुळा पडलेला हात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सगळे अभ्यास चाळून मार्गदर्शिका काढली. पक्षाघाताच्या रुग्णाने दातांच्या उपचारांसाठी ॲस्पिरिन चालूच ठेवावं, अशी शिफारस तिने सर्वांत भक्कम श्रेणीत केली. वॉरफरिनबद्दलही तेच. स्कॉटलंडच्या २०१५ च्या सूचनांनी पुढचे तपशील भरले : आयएनआर ४ च्या खाली असेल तर वॉरफरिन थांबवू नये, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (प्लेटलेटना रोखणारं दुसरं औषध) दोन्ही चालू असतील तरी थांबवू नयेत, रक्त थोडा जास्त वेळ येईल हे गृहीत धरावं. तीनपर्यंत दात काढणं त्यांनी कमी धोक्याच्या कामांत धरलं आहे.

प्रत्यक्ष खुर्चीत यासाठी फार काही लागत नाही. दाढ निघाल्यावर हाडातल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरू द्यायची. खड्ड्यात विरघळणारा जेलॅटिनचा स्पंज बसवायचा, वर एक-दोन टाके, त्यावर घडी केलेलं गॉझ ठेवून रुग्णाला अर्धा तास दात आवळून बसवायचं. गॉझ दर दोन मिनिटांनी काढून बघायचं नाही, बहुतेक घोटाळा तिथेच होतो. तरीही झिरपत असेल तर गॉझ ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवायचं. जपानमध्ये १९६० च्या दशकात आलेल्या या औषधाच्या गुळण्यांनी वॉरफरिन चालू असतानाही तोंडातल्या जखमेचं रक्त आटोक्यात राहतं, हे डेन्मार्कमध्ये १९८९ मध्येच दाखवून झालंय. आपल्याकडे ते तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं. वेळ सकाळची निवडायची, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो.

मग चिठ्ठीवरची ओळ अजून टिकून कशी? माझ्या मते कारण शास्त्रात नाही, जबाबदारीच्या वाटपात आहे. रक्त वाहिलं तर ते दंतवैद्याच्या खुर्चीत, नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत वाहतं आणि रात्री अकराला फोन त्यालाच येतो. गोळी थांबवल्यामुळे आलेला झटका चार-सहा दिवसांनी घरी येतो, रुग्ण भलत्याच हॉस्पिटलात दाखल होतो आणि तिथल्या कागदावर दाढेचा उल्लेखही नसतो. फिजिशियनलाही 'थांबवा' लिहिणं सोपं जातं, कारण 'चालू ठेवा' लिहिलं आणि रक्त वाहिलं तर बोट त्याच्याकडे. वर, गोळी परत कधी सुरू करायची हे चिठ्ठीवर क्वचितच असतं. दाढेचा खड्डा भरून येईपर्यंत गोळी बंद, मग विसरली, असे रुग्ण कुठल्याही ओपीडीत भेटतात. पक्षाघाताच्या रुग्णाची औषधं घरातलं दुसरंच कुणी काढून देत असतं, तेव्हा हे आणखी सहज घडतं.

२०१० च्या सुमारास डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान ही रक्त गोठू न देणारी नवी औषधं आली आणि प्रश्नाचं रूप बदललं. यांचा असर बारा-चोवीस तासांत उतरतो. म्हणून मोठं काम असेल तर फक्त त्या दिवशीचा सकाळचा डोस चुकवा किंवा पुढे ढकला, एवढंच स्कॉटलंडच्या सूचना सांगतात. एखाददुसरी दाढ असेल तर तेही नको. पण जो गुण म्हणून सांगितला जातो तोच इथे धोका आहे. ॲस्पिरिनचा परिणाम गोळी चुकली तरी दोन-चार दिवस रेंगाळतो, यांचा रेंगाळत नाही. यांना जुन्या सवयीने 'फाइव्ह डेज' लिहिणं म्हणजे हृदयाची लय बिघडल्यामुळे गुठळीचा धोका असलेल्या रुग्णाला पाच दिवस उघड्यावर सोडणं.

घसा आणि नाक यांना मात्र दाढेचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. जबड्याच्या खड्ड्यावर गॉझ दाबून धरता येतं. टॉन्सिलच्या जागेवर किंवा दुर्बिणीने केलेल्या सायनसच्या शस्त्रक्रियेत तितकं सहज दाबता येत नाही, आणि घशात उतरलेलं रक्त श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिथे गोळी थांबवावी का, किती दिवस, हे पक्षाघात होऊन किती महिने झाले, स्टेंट आहे का, शस्त्रक्रिया टाळता येण्याजोगी आहे का, यावर ठरतं, आणि ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. घोळणा वरचेवर फुटतो म्हणून घरच्या घरी इकोस्प्रिन सोडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बहुतेकांचं रक्त नाकाच्या पुढच्या भागातून येतं आणि मान पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटून धरला की थांबतं. तेवढ्यासाठी गोळीला हात लावायचं कारण नाही.

आता हिरड्या. १९८९ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या पक्षाघाताच्या पुरुष रुग्णांमध्ये दातांचा संसर्ग जास्त आढळला आणि दात-टॉन्सिलमधल्या लपलेल्या संसर्गाचा जुना सिद्धांत सौम्य रूपात परतला. अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये सावध भूमिका घेतली : संबंध दिसतो, तो इतर कारणं वजा करूनही उरतो, पण हिरड्यांचा आजार पक्षाघाताला कारण ठरतो किंवा उपचाराने तो टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. नंतर अमेरिकेतच पक्षाघात किंवा छोटा झटका येऊन गेलेल्या सुमारे २८० रुग्णांवर हिरड्यांच्या साध्या आणि सखोल उपचारांची तुलना झाली. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांत दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. हिरड्यांच्या खालून केलेल्या सखोल सफाईतही रक्त येतंच, आणि ॲस्पिरिन चालू ठेवण्याची शिफारस तिलाही लागू आहे.