उठताना झटक्यात, बसताना सावकाश
थकलेल्या आजी-आजोबांसाठी ताकदीचा व्यायाम : घरच्यांसाठी माहिती

आम्ही साताऱ्यात घरी येऊन आजी-आजोबांकडून ताकदीचा व्यायाम करून घेतो. आमच्याकडे येणारे बरेचसे फोन पुण्या-मुंबईहून असतात. आई-वडील साताऱ्यात, मुलं नोकरीच्या गावी. सांगणं साधारण एकच : "आई पडली-बिडली नाही, पण खुर्चीतून उठायला दोन-तीनदा जोर लावते. एसटीची पायरी चढवत नाही म्हणून माहेरी जाणंही सोडलंय." हे पत्रक अशा घरांसाठी आहे. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढणाऱ्या मंडळींचं बरं चाललंय, त्यांना आमची गरज नाही.

तब्येत खचत चालल्याच्या पाच खुणा डॉक्टर बघतात : वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा जास्त वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच कमी होणं. यातल्या तीन दिसल्या तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

"पण ते घरातल्या घरात फिरतात की!" हे आम्ही फार ऐकतो. फिरणं चांगलंच, ते चालू ठेवा. पण त्याने पायात जोर येत नाही. म्हातारपणी स्नायूंतले झटपट आकसणारे तंतू आधी रोडावतात, त्यामुळे ताकदीपेक्षाही चपळाई लवकर जाते. मोरीत पाय घसरला की सावरायला सेकंदभरही मिळत नाही. त्या क्षणी मांडीत जोर किती आहे एवढंच पुरत नाही, तो किती लवकर येतो तेही लागतं. म्हणून आम्ही ताकद आणि वेग दोन्हींचा व्यायाम घेतो.

या वयात हे झेपेल का? १९९० साली अमेरिकेत बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारी वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. पुढे १९९४ मध्ये तशाच शंभर जणांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वर गेली, चाल सुधारली, जिना चढणं सुधारलं. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांत तसा फरक पडला नाही. डब्यातली महाग पावडर आणून गादीवर बसून राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आमचा मुख्य व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणं. बैठक काय असते हे खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, ही तीच, फक्त खुर्चीच्या आधाराने. खुर्ची हातांची आणि जड हवी. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून पाठ भिंतीला टेकवून ठेवायची. खुर्चीची बसायची जागा खोल असेल तर घोंगडीची घडी घालून उंच करायची. पाय अनवाणी, मोजे नकोत. आजी नऊवारीत असोत की गाऊनमध्ये, काठ पायाखाली येणार नाही असा खोचून घ्यायचा. पटकन उठताना तोच आधी अडकतो. मग पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, छाती पुढे, आणि "एक" म्हणत झटकन उभं राहायचं. बसताना मात्र तीन मोजत, धप्पकन न पडता. आकडे मोठ्याने मोजायला लावतो, कारण मोजणारा माणूस श्वास रोखून धरत नाही, आणि श्वास रोखला की रक्तदाब चढतो.

सुरुवातीचे काही दिवस सगळं सावकाशच. पद्धत अंगवळणी पडली की वेग. आठ ते दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढंच. शेवटची दोन जड गेली पाहिजेत. सहज होऊ लागलं की हातांचा आधार काढतो, मग व्यायामातलं वजन वाढवतो. इथे घरचे कळवळतात, "आईंना कशाला एवढा त्रास?" पण वजन तेच ठेवलं तर ताकदही तिथेच थांबते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा.

बाकी ओट्याला धरून टाचा उचलणं, पायाला वजनाची पट्टी बांधून गुडघा सरळ करणं, उंबऱ्याएवढ्या पायरीवर चढ-उतार, भिंतीला हात लावून ढकलणं. तोल सांभाळायचा सराव प्रत्येक वेळी असतोच.

छातीत दुखतंय, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, रक्तदाब आटोक्यात नाही, हाड मोडलंय, हर्निया आहे किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं आहे, तर आधी डॉक्टरांची परवानगी, मग आम्ही. व्यायामानंतर दोन दिवस मांड्या आंबणं ठीक. चक्कर, धाप, छातीत दडपण किंवा सांध्यात कळ आली तर लगेच थांबायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये.

खाण्याबद्दल थोडक्यात : वजनाच्या दर किलोला रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, कपभर दुधात साधारण तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सातेक. चहा-बिस्किटावर आणि मऊ भातावर हा हिशेब जमत नाही. भाकरीबरोबर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण रोज हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आम्ही मालिश करत नाही. त्याने बरं वाटतं, स्नायू वाढत नाही. पहिल्या भेटीत फक्त तपासणी : हात छातीशी धरून पाच वेळा उठायला लागणारा वेळ (१२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष घालायला हवं), चालण्याचा वेग, झोपून आणि उभं राहून रक्तदाब. हीच मापं दर महिन्याला घेऊन मुलांना कळवतो. त्या दिवशी औषधांच्या चिठ्ठ्या, चष्मा आणि रोजची काठी जवळ ठेवा. घरातलं एक माणूस पूर्ण वेळ हजर पाहिजे, कारण आम्ही नसू त्या दिवशी खुर्चीशेजारी त्यालाच उभं राहायचं आहे.