इंग्रजी वाक्यातील डॅश आणि कंस

इंग्रजी वाक्य चालू असताना मध्येच घातलेला मजकूर मूळ वाक्यापासून वेगळा दाखवणारी विरामचिन्हे. मराठी व्याकरणात डॅशला अपसारणचिन्ह म्हणतात. शब्द जोडणारी तोकडी रेघ, म्हणजे हायफन, हे संयोगचिन्ह. कंस गोल, चौकटी आणि महिरपी असे तीन. वाक्यलेखनात काम पडते ते मुख्यतः गोल कंसाचे. कोकण किनाऱ्यावर इंग्रजी आता शाळेच्या वहीपुरती राहिलेली नाही. घरगुती निवासाची पाटी, आंब्याच्या पेटीवरचे लेबल, फेरीबोटीचे वेळापत्रक, बँकेला लिहायचा अर्ज, अशा ठिकाणी मराठी माणूस रोज इंग्रजी वाक्ये लिहितो आणि नेमका या दोन चिन्हांपाशी अडखळतो. म्हणून पुढची उदाहरणे किनाऱ्यावरचीच घेतली आहेत. इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

अडखळण्याचे कारण दोन्ही भाषांच्या रचनेत आहे. मराठीत जोडमाहिती नामाच्या आधी येऊन बसते: ‘दाभोळला फेरीवर काम करणारे माझे मामा काल आले.’ एकही चिन्ह लागत नाही. इंग्रजीत हीच माहिती ‘माय अंकल’ आणि ‘केम’ यांच्या मधोमध शिरते आणि कर्ता व क्रियापद यांची ताटातूट होते. मधला मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे वाचणाऱ्याला कळावे, यासाठी स्वल्पविरामांची, कंसांची किंवा डॅशची जोडी लागते. मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवणारा लेखक ही जोडी विसरतो किंवा तिचे एकच टोक लावतो.

तिन्हींपैकी कोणती जोडी घ्यायची, हा खरा प्रश्न. हे वाक्य पाहा: ‘ऑल थ्री ड्रिंक्स, कोकम, सोलकढी, ताक, आर मेड ॲट होम.’ यादीतच स्वल्पविराम आहेत, त्यामुळे बाहेरचे स्वल्पविराम त्यांत हरवतात. ‘ड्रिंक्स’ हेही यादीतले एक नाव वाटू लागते. आता ‘ऑल थ्री ड्रिंक्स (कोकम, सोलकढी, ताक) आर मेड ॲट होम.’ इथे लेखकाचा आवाज कंसात खाली उतरतो. पेये घरची आहेत हे वाचकाच्या लक्षात राहते आणि नावे नुसती नोंदवली जातात. तेच ‘ऑल थ्री ड्रिंक्स—कोकम, सोलकढी, ताक—आर मेड ॲट होम.’ असे लिहिले की आवाज चढतो आणि नावे पुढे येतात. व्याकरणाने दोन्ही बरोबर. पाहुण्याला कशाची भुरळ घालायची आहे ते ठरवून चिन्ह निवडावे. माझ्या मते शाळांत हा आवाजाचा फरक सर्वांत आधी, मोठ्याने वाचून दाखवून, शिकवायला हवा. तिथे सहसा नुसत्या चिन्हांची नावे पाठ होतात.

इतिहास

गोल कंस युरोपातल्या हस्तलिखितांत चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले. सोळाव्या शतकातला विद्वान इरॅस्मस याने त्यांना ‘लुनुला’, म्हणजे चिमुकली चंद्रकोर, असे नाव दिले. ‘पॅरेन्थिसिस’ हा शब्द ग्रीक आहे. बाजूला आत ठेवणे असा त्याचा अर्थ. मुळात तो मध्ये घातलेल्या मजकुराला लावला जाई, पुढे चिन्हालाही लागला. इंग्लंडमध्ये गोल कंसाला ‘ब्रॅकेट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ब्रॅकेट’ म्हटले की चौकटी कंस समजतात. दोन्हीकडची पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा इथे घोटाळा होतो.

मराठीला ही चिन्हे इंग्रजीकडून मिळाली. मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडायचीही रीत नव्हती आणि देवनागरी पोथ्यांत दंडावर भागत असे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठी गद्यात रुजवली. त्याच काळात देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. दोन भाषा एकाच पानावर नांदवणारा हा पहिला मराठी संपादक कोकणातला. पुढे १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध करणारे मोरो केशव दामले हे मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे बंधू.

कंसाचे नियम

पहिली कसोटी एकच: कंस आणि त्यातला मजकूर बोटाने झाका आणि उरलेले वाक्य वाचा. ते पूर्ण आणि खरे राहिले पाहिजे. ‘पूर्ण’ हे बहुतेकांना कळते. ‘खरे’ याकडे दुर्लक्ष होते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला. बागायतदाराने इंग्रजी पत्रकात जिल्ह्यांची नावे कंसात टाकली, तर ती झाकल्यावर कुठलाही हापूस त्या नावाने विकता येतो असा अर्थ उरतो. जी माहिती नामाची व्याप्ती ठरवते तिला कंस नको, डॅश नको, स्वल्पविरामही नको. ती वाक्यातच विणलेली राहिली पाहिजे.

कंसातला मजकूर व्याकरणाच्या हिशेबात धरला जात नाही. ‘द नाखवा’ असा एकवचनी कर्ता असेल आणि त्याच्यामागे कंसात त्याच्या दोन मुलांचा उल्लेख ‘अँड’ लावून आला, तरी क्रियापद ‘इज’च राहते. मजकूर ठेवून नुसती कंसाची चिन्हे काढली की मात्र कर्ते तीन होतात आणि क्रियापद ‘आर’. कोकणातल्या अर्जांत ही चूक वारंवार दिसते, कारण मराठीत आपण मनातल्या मनात सगळ्यांना मोजतो.

सुरुवातीच्या कंसाआधी स्वल्पविराम देत नाहीत. लागलाच तर तो बंद कंसानंतर येतो. ‘व्हेन शिमगा (होळी) एंड्स, फॅमिलीज गो बॅक टू मुंबई.’ इथला स्वल्पविराम ‘एंड्स’मुळे आला आहे, कंसाशी त्याचा संबंध नाही. पूर्णविरामाचा नियम मराठीतही तोच आहे. स्वतंत्र वाक्य कंसात असेल तर पूर्णविराम आत येतो. (हे वाक्य तसे आहे.) दुसऱ्या वाक्याच्या शेपटाला जोडलेला तुकडा असेल तर पूर्णविराम बाहेर पडतो (हा तुकडा तसा). कंसाच्या बाहेर एक अक्षराची जागा सुटते, आत सुटत नाही. मराठी टंकलेखनात कंसाच्या आतही जागा सोडायची सवय आहे, ती इंग्रजीत खटकते.

स्थानिक शब्दांचा उलगडा करताना कंस फार उपयोगी पडतो. कोकमाच्या सरबताच्या बाटलीवर ‘कोकम (गार्सिनिया इंडिका)’ असे शास्त्रीय नाव देता येते, किल्ल्याच्या फलकावर ‘सिंधुदुर्ग (१६६४–६७)’ अशी बांधकामाची वर्षे. पण एका परिच्छेदात असे चार कंस आले की वाचणारा थकतो. आधी मराठी शब्द वापरावा आणि पुढच्या वाक्यातून त्याचा अर्थ उलगडू द्यावा. सोलकढी गुलाबी असते, नारळाच्या दुधाची असते, जेवणाच्या शेवटी येते, एवढे सांगितले की कंसाची गरज उरत नाही.

कायद्याच्या इंग्रजीत कंसाचे काम निराळे. तिथे तो पायऱ्या दाखवतो. भाषणस्वातंत्र्याचे ‘१९(१)(ए)’ हे कलम वाचताना प्रत्येक कंस म्हणजे एक पायरी खाली, आणि दोन कंसांमध्ये जागा सोडत नाहीत. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे मूळ गाव असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. संविधानाचे इंग्रजी वाचणाऱ्याला अशा कंसांची शिस्त पानोपानी दिसते.

डॅशचे नियम

डॅश दोन लांबीचे. छापखान्यात टाइपाच्या उंचीएवढ्या रुंदीला ‘एम’ म्हणत; १२ पॉइंटच्या टाइपात एम १२ पॉइंटचा. ‘एन’ त्याच्या निम्मा. वाक्यात मजकूर घालायला अमेरिकी छपाईत एम डॅश दोन्ही बाजूंना जागा न सोडता वापरतात. ब्रिटिश प्रकाशक बहुधा जागा सोडून एन डॅश घेतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय मात्र जागा न सोडता एम डॅशच वापरते. भारतात दोन्ही रीती चालतात. कुठलीही एक घ्यावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

मधल्या मजकुराला डॅशची दोन टोके लागतात. सुरुवात डॅशने आणि शेवट स्वल्पविरामाने, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक: ‘ऑल थ्री ड्रिंक्स—कोकम, सोलकढी, ताक, आर मेड ॲट होम.’ उघडलेले दार इथे कधी मिटतच नाही. मजकूर वाक्याच्या शेवटी असेल तर दुसरा डॅश पूर्णविरामात विरतो: ‘देअर इज ओन्ली वन वे टू द फोर्ट—बाय बोट.’ एका वाक्यात डॅशच्या दोन जोड्या आल्या तर कुठला डॅश कुणाचा ते कळत नाही. अशा वेळी एकीला कंस करावे किंवा वाक्य तोडावे. तोडलेले बहुधा अधिक चांगले होते.

बोलणे अर्धवट तुटले हे दाखवायलाही डॅश येतो, आणि इथे मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटतो. ‘मी निघालो होतो, पण —’ अशी वाक्ये आपण शाळेत शिकलेलो असतो. मालवणी गजालीत माणूस सांगता सांगता दुसऱ्या वाटेला जातो आणि परत येतो. ती इंग्रजीत उतरवणाऱ्याला डॅशसारखा सोबती नाही. औपचारिक पत्रात मात्र तो जपून वापरावा.

एन डॅश आणि हायफन यांतला फरक कोकणच्या नकाशावर चांगला समजतो. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडले या फेरीमार्गांच्या नावांत दोन स्वतंत्र गावे आहेत आणि मध्ये खाडी आहे; त्यांच्यामध्ये एन डॅश येतो, ‘इथून तिथवर’ या अर्थाने. मराठी–इंग्रजी शब्दकोशात, वर्षांच्या टप्प्यात, सामन्याच्या धावसंख्येत तोच. हायफन दोन शब्दांची एक वस्तू करतो. ‘स्मॉल-बोट ओनर’ म्हणजे लहान होड्यांचा मालक. हायफन काढला तर मालकच लहान असल्याचा अर्थ निघू शकतो. मच्छीमारांच्या मदतीच्या अर्जात हा फरक किरकोळ नाही. ‘फ्रॉम’ शब्द आला की पुढे ‘टू’ लिहावे. ‘फ्रॉम १६६४–६७’ ही मिश्र रचना चुकीची.

कार्यालयांतल्या सवयी

‘सब्जेक्ट’ शब्दानंतर अपूर्णविराम आणि त्याला चिकटलेली रेघ अजून बहुतेक अर्जांत दिसते. मराठीतल्या ‘विषय :-’ मध्येही तीच आहे. ही ब्रिटिश छपाईची जुनी रीत. इंग्लंडात ती मागे पडली, आपल्याकडे टिकली. आजच्या इंग्रजीत नुसता अपूर्णविराम पुरतो. रकमेपुढची ‘५००/-’ ही खूणही तिकडचीच: शिलिंग आणि पेन्स यांच्या हिशेबात तिरप्या रेघेनंतर पेन्स लिहीत आणि पेन्स नसले तर आडवी रेघ ओढत. पावतीवर ती आजही कामाची आहे, कारण रकमेमागे आणखी आकडा घुसवता येत नाही. वाक्यातल्या डॅशशी मात्र तिचे नाते नाही.

टंकयंत्रावर डॅशची कळ नव्हती, म्हणून दोन हायफन जोडून काम भागवत. त्याची आठवण संगणकात राहिली आहे: वर्ड प्रणालीत दोन शब्दांमध्ये जागा न सोडता दोन हायफन दिले आणि लिहीत पुढे गेले की त्यांचा एम डॅश होतो, जागा सोडून एक हायफन दिला की एन डॅश. विंडोजमध्ये आल्ट कळ दाबून ०१५० हा आकडा दिला की एन डॅश आणि ०१५१ दिला की एम डॅश उमटतो. मोबाइलवर हायफनची कळ दाबून धरली की बहुतेक कीबोर्डांत दोन्ही रेघा वर येतात.