१६ एमबी असूनही ‘मेमरी अपुरी’

जुन्या ४८६ संगणकात १६ एमबी रॅम आहे. डॉस ही जुनी, आज्ञा टाइप करून चालवायची कार्यप्रणाली सुरू होते, खेळाचं नाव टाइप केलं की उत्तर येतं: मेमरी पुरेशी नाही. अशा वेळी आणखी रॅम बसवून काहीही होत नाही. टंचाई रॅमची नसते, पहिल्या ६४० केबीतल्या जागेची असते.

१९८१च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर मेमरीतली जागा सांगणाऱ्या २० पत्तारेषांवर चालायचा, त्यामुळे त्याला एकूण १०२४ केबीच दिसत. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन, बायॉस (संगणक सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम) आणि जोडकार्डांसाठी राखून ठेवले गेले. खाली उरलेले ६४० केबी डॉस, ड्रायव्हर (माऊससारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि इतर प्रोग्रॅम यांनी वाटून घ्यायचे. प्रोसेसर बदलले, पण डॉसचे साधे प्रोग्रॅम या आखणीतच राहिले.

काही बदलण्याआधी ‘मेम /सी’ ही आज्ञा द्या. कोण किती जागा खातंय हे कळतं. शेवटी ‘चालवता येईल असा सर्वांत मोठा प्रोग्रॅम’ असा आकडा येतो, पाहायचा तो हाच. एकूण मोकळ्या जागेचा आकडा फसवा असतो, कारण ती जागा तुकड्यांत विखुरलेली असते. सर्वांत मोठ्या प्रोग्रॅमचा आकडा ६०० केबीच्या पुढे गेला की बहुतेक खेळ तक्रार करत नाहीत.

आता कॉन्फिग डॉट सिस, म्हणजे डॉस सुरू होताना वाचतो ती मांडणीची फाइल. इथे ओळींचा क्रम महत्त्वाचा. आधी हायमेम (१ एमबीपलीकडची रॅम वापरू देणारा ड्रायव्हर), मग ईएमएम३८६ (मेमरीची मांडणी बदलणारा ड्रायव्हर) आणि त्याला ‘नोईएमएस’ हा पर्याय, म्हणजे जादा रॅम एका खिडकीतून दाखवणारी ईएमएस ही पद्धत बंद, मग ‘डॉस=हाय,यूएमबी’. हायमेमशिवाय ईएमएम३८६ चालतच नाही. ‘हाय’मुळे डॉसचा मोठा भाग १ एमबीच्या लगेच वरच्या, ६४ केबीला १६ बाइट कमी अशा पट्ट्यात जातो आणि खालचे चाळीसेक केबी सुटतात. हे एमएस-डॉस ५ पासून, म्हणजे १९९१पासून शक्य झालं. ‘यूएमबी’मुळे ६४० केबी आणि १ एमबी यांच्यामधल्या रिकाम्या फटी वापरता येतात. ईएमएम३८६ त्या फटींच्या पत्त्यांवर वरची रॅम आणून बसवतो. त्यासाठी ३८६ किंवा पुढचा प्रोसेसर हवा. साध्या २८६वर फक्त ‘हाय’चा फायदा मिळतो.

त्यानंतर ड्रायव्हरच्या ओळींत ‘डिव्हाइस’ऐवजी ‘डिव्हाइसहाय’ लिहा आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या सुरुवातीच्या आज्ञांच्या फाइलमध्ये प्रोग्रॅमच्या आधी ‘लोडहाय’. नेमकी चूक इथेच होते. कित्येक ड्रायव्हर सुरू होताना भरपूर जागा मागतात आणि स्थिरावल्यावर त्यातली बरीच परत करतात. सुरुवातीची मागणी फटीत मावली नाही तर ड्रायव्हर मुकाट खालीच बसतो, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. म्हणून मोठे ड्रायव्हर आधी चढवा, छोटे नंतर. शक्य असेल तिथे ड्रायव्हरच बदला: मायक्रोसॉफ्टचा माऊस ड्रायव्हर १७ केबीच्या आसपास जागा घेतो, सीटीमाऊस हा दुसरा माऊस ड्रायव्हर साधारण ३ केबीत काम भागवतो. एवढी बचत मांडणीच्या खटपटीतून क्वचितच मिळते.

व्हीजीए हे रंगीत पडद्याचं कार्ड असेल तर बी००० ते बी७एफएफ (हे मेमरीचे पत्ते) हा जुन्या एकरंगी पडद्याचा ३२ केबी पट्टा सहसा रिकामा असतो. ईएमएम३८६च्या ओळीत ‘आय=बी०००-बी७एफएफ’ जोडलं की तोही मिळतो. काही कार्डं मात्र तो वापरतात. मग पडद्यावर कचरा दिसतो किंवा यंत्र गोठतं. असं झालं तर एमएस-डॉस ६मध्ये सुरू होताना एफ५ दाबा, दोन्ही फाइली वगळल्या जातात. एफ८ दाबला तर कॉन्फिगची प्रत्येक ओळ विचारून चालते, दोषी ओळ शोधायला सोपं जातं. नेटवर्क कार्डाची मेमरी डी०००च्या आसपास असेल तर तो भाग ‘एक्स=’ने वगळायलाच हवा.

‘नोईएमएस’ सगळ्यांना चालत नाही. काही खेळ आवाजासाठी किंवा जादा दृश्यांसाठी ईएमएस मागतात. तेव्हा त्याजागी ‘रॅम’ लिहायचं आणि वरच्या भागातले ६४ केबी ईएमएसच्या खिडकीला द्यायचे. उलट १९९२च्या अल्टिमा ७चा स्वतःचा मेमरी व्यवस्थापक ईएमएम३८६शी पटवूनच घेत नाही. तिथे फक्त हायमेम ठेवावा लागतो. म्हणून एकच आदर्श कॉन्फिग शोधत बसण्यात अर्थ नाही. एमएस-डॉस ६मधला सुरुवातीचा मेन्यू वापरून तीन मांडण्या ठेवा: ईएमएससह, ईएमएसविना आणि नुसत्या हायमेमची.

सगळं नीट जमल्यावरही एखादा जुना प्रोग्रॅम ‘पॅक केलेली फाइल खराब आहे’ म्हणतो. फाइल बहुधा ठीक असते. तो दाबून लहान केलेला असतो आणि त्याचा उलगडणारा भाग ८०८८च्या सवयीवर विसंबतो: १ एमबीपलीकडचा पत्ता तिथे गोल फिरून शून्यावर यायचा. आता डॉस वर बसल्यामुळे तो फिरत नाही, आणि खाली इतकी जागा मोकळी झालेली असते की प्रोग्रॅम पहिल्या ६४ केबीतच उतरतो. अडचण फक्त तिथेच येते. म्हणून नावाआधी ‘लोडफिक्स’ लिहायचं. तो खालचे ६४ केबी अडवून प्रोग्रॅमला त्यांच्या वर बसवतो.