हौद्याखालचा गंज : चेसिसच्या दुरुस्तीला पिकअप देण्याआधी

जुनी पिकअप आमच्याकडे येते ती बहुधा वेगळ्याच तक्रारीने. मागून खडखड येते, सपाट जागेवरही एका बाजूला कललेली दिसते, केबिन आणि हौदा यांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद झालेली असते. गाडी रॅम्पवर घेतो, मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटे चेसिसला जिथे टांगलेले असतात त्या पट्टीजवळ, हातोडी मारतो आणि कारण कळतं. चांगलं लोखंड खणकन वाजतं. गंजलेलं थप्प वाजतं आणि खाली पापुद्र्यांचा सडा पडतो. मालक वाकून बघतात आणि म्हणतात, "एवढंसं तर भोक आहे, एक पत्रा मारून द्या की!"

भोक बुजवायला अर्धा तास पुरतो. पण चेसिसचं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, ते भोक पाणी आत येऊ नये म्हणून बुजवायचं नसतं. त्या जागेवरून गाडीचा आणि मालाचा भार चाकांपर्यंत जातो. तुटलेली ती वाट पुन्हा जोडायची असते. आमच्या कामाला दिवस का लागतात, हे एवढ्यासाठी सांगतो आहोत.

गंज आतून येतो

बऱ्याच पिकअपच्या चेसिसच्या दोन लांब दांड्या निदान काही भागात आतून पोकळ, पेटीसारख्या असतात. पत्रा बहुधा २ ते ४ मिलिमीटर जाडीचा. चाकांनी उडवलेला चिखल बारीक भोकांतून आत शिरतो. पाणी निघून जावं म्हणून खाली ठेवलेली भोकं त्याच चिखलाने बुजतात, आणि तो ओला लगदा आतल्या कोपऱ्यात महिनोन् महिने बसून राहतो. बाहेरचा रंग शाबूत, आत मात्र लोखंड झिजत असतं. बाहेर भोक दिसलं म्हणजे गंजाची सुरुवात झाली असं समजू नका, तो शेवटाला आलेला असतो.

मीठ लागलं की हे फार झपाट्याने होतं. समुद्राकाठची हवा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, मासळीच्या टोपल्यांतून गळणारं पाणी, हौद्यात सांडलेलं खत, यांपैकी काहीही. दुसरी वाईट जागा म्हणजे जिथे पत्र्यावर पत्रा बसवलेला आहे ती. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तो वाढला की त्यांना एकमेकांपासून ढकलतो. हँगरची पट्टी फुगलेली दिसली तर वरून रंग कितीही चकचकीत असला तरी आत काय चाललंय ते ओळखा.

भोक केवढं, यापेक्षा भोक कुठे

घराच्या तुळईवर भार आला की तिची एक कड दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. मधल्या भागावर वाकण्याचा ताण सगळ्यात कमी येतो. चेसिसचंही तसंच. उभ्या बाजूच्या मध्यावर नाण्याएवढं भोक असेल तर आम्ही घाबरत नाही. कारखान्यात वायरिंगसाठी याहून मोठी भोकं तिथेच पाडलेली असतात. पण वरच्या किंवा खालच्या आडव्या कडेवर नखाएवढी भेग असली तरी माल भरायचा थांबवा. ताणाच्या बाजूची भेग प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी पुढे सरकते.

हँगरची जागा त्यातही नाजूक. पाट्याचं मागचं टोक शॅकलला (हलत्या कडीला) अडकतं, शॅकल हँगरला आणि हँगर चेसिसला. चाक खड्ड्यात आदळलं की धक्का या तीन-चार बोल्टांच्या किंवा रिव्हेटांच्या भोवतालच्या तळहाताएवढ्या पत्र्यावर येतो. तो पत्रा सुटला तर मागचा धुरा एका बाजूने मोकळा होतो. वळणावर, भरल्या गाडीत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तपासणी

आधी खरवडतो, मग टोच्याने जोर देऊन टोचतो. टोच्या आत गेला तर तिथे धातू उरलेला नाही. न गेला तर अल्ट्रासोनिक जाडीमापकाने किती उरलाय ते बघतो आणि त्याच चेसिसवरच्या धडधाकट जागेशी ताडतो. पोकळ भागात छोटा कॅमेरा घालतो. हे सगळं होईपर्यंत आम्ही खर्चाचा पक्का आकडा देत नाही. फोटो पाठवून आकडा विचारणाऱ्यांना आमचा राग येतो, पण फोटोत आतली बाजू दिसत नाही. आधी तपासणीचं ठरवू, आणि कापल्यावर गंज आणखी पुढे गेलेला निघाला तर काम थांबवून तुम्हाला फोन करू, हीच आमची रीत.

दुरुस्ती कशी होते

इंधनाची टाकी उतरते. बॅटरीच्या तारा सुटतात, वेल्डिंगचं अर्थिंग कामाच्या अगदी शेजारी लागतं, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो. चेसिसवरून गेलेले ब्रेकचे पाइप बाजूला करावे लागतात आणि जुन्या गाडीत ते हात लावताच तुटतात, कारण तेही त्याच पाण्यात भिजलेले असतात. ते बदलण्याची तयारी आधीच ठेवा. नंतर "पाइपचं तर बोलणंच झालं नव्हतं" असं व्हायला नको.

कापण्याआधी चेसिसला खालून टेकू देतो आणि कोपऱ्याकोपऱ्याची तिरकी मापं घेऊन ठेवतो. ही पायरी टाळली तर चेसिस किंचित बसते, त्याच आकारात वेल्ड होते आणि गाडी कायमची तिरकी चालते. मग गंजलेला भाग कापत जातो, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत. भोक दोन बोटांचं आणि कापलेला तुकडा वीतभर, हे नेहमीचंच. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. धरल्यासारखं दिसतं आणि टाक्याच्या कडेने फाटतं.

नवा तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा लागतो. "जाडजूड पट्टी मारा, एकदाच काय ते" असं बरेच जण सुचवतात. जाड पट्टी वाकत नाही, तिच्या शेजारचा पत्रा मात्र वाकत राहतो आणि पट्टी संपते तिथेच चिरतो. म्हणूनच जिथे मजबुतीची जादा पट्टी लागतेच, तिथे तिची टोकं निमुळती कापतो आणि आडव्या कडेवर टाका सरळ आडवा न नेता तिरका नेतो. वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे सरकणाऱ्या वेल्डिंग मशीनने), थोडं इथे थोडं तिथे, म्हणजे उष्णतेने चेसिस ओढली जात नाही. काही चेसिस उष्णताप्रक्रिया केलेल्या उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. वेल्डिंगने त्यांची ताकद जाते. तिथे आम्ही उत्पादकाच्या दुरुस्ती-सूचनेबाहेर जात नाही.

रिव्हेटने बसवलेला जुना हँगर काढला की त्या जागी ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट जातात. आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो, गाडी घेताना बघून घ्या, आम्हाला वाईट वाटणार नाही. आणि एका बाजूचा हँगर गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा आहे, हे लक्षात असू द्या.

जे आम्ही करत नाही

गंजावरून पत्रा मारून वर काळं जाड कोटिंग फासत नाही. अशी एक गाडी आमच्याकडे सोलायला आली होती. कोटिंगखाली पट्टी, पट्टीखाली आणखी एक पट्टी आणि त्याखाली चेसिस जवळजवळ नव्हतीच. जुन्या गाडीच्या फक्त तळाला ताजा काळा रंग दिसला तर विकत घेण्याआधी टोच्या मागा. गंज काळा पाडणारी रसायनं वरवरच्या गंजावर ठीक, पण गेलेली जाडी ती परत आणत नाहीत.

दोन्ही दांड्या बऱ्याच लांबीत पातळ झाल्या असतील, तर आम्ही काम नाकारतो. तेव्हा चेसिस बदलणं किंवा गाडी मोडीत काढणं, एवढंच उरतं. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही आणि सांगायला आम्हालाही.

काम झाल्यावर

बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि रंग, पोकळीत लांब नळीने मेण. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, त्यामुळे मेण चुकवून चालत नाही. पाण्याची भोकं उघडीच ठेवतो, ती कुणालाही बुजवू देऊ नका. मिठाचा, खताचा किंवा मासळीचा फेरा झाला की खालून साध्या पाण्याने धुवा आणि भोकांत तार फिरवून गाळ काढा. नवा पत्रा बसला म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्टांचा ताण तपासायला गाडी परत दाखवा.

गाडी आणताना

हौदा रिकामा आणि टाकीत इंधन कमी असू द्या. खालून चिखल धुऊन आणा, पण रंग मारून आणू नका. याआधी कुठे वेल्डिंग झालं असेल तर ते सांगा. आणि हँगर हलताना दिसत असेल तर गाडी चालवत आणू नका, उचलून आणा.